अकराव्या खाचरातली नळी

तुम्ही खोटं छापलंत.

तुमच्या यंदाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जी नळी आहे, चिखलात रोवलेली, आत पाणी चकाकणारी, ती माझ्या आत्याच्या भातखाचरातली आहे. खाली तुम्ही जाड अक्षरात लिहिलंय, 'शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेलं तंत्र'. त्या नळीत ते पाणी कुठून आलं, हे तुम्हाला ठाऊक होतं. छपाईच्या तीन महिने आधी मी लेखी कळवलं होतं आणि पत्राची पोच माझ्याकडे आहे. तरी छापलंत.

तुमच्यातलं नेमकं कोण, ते मला माहीत नाही. तुमच्या पत्राखाली सही असते पण नाव वाचता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण मध्येच कुठूनतरी सुरू केलं की तुम्ही 'संदर्भ स्पष्ट नाही' असा शेरा मारता.

मी तुमचीच प्रशिक्षक. दोन हंगाम झाले. भात कमी पाण्यात, कमी बियाण्यात कसं पिकवायचं, ते लहान शेतकऱ्यांना शिकवायचं, हे माझं काम. वर्ग भरायचा खताच्या गोदामामागच्या खोलीत. वर पत्रा, खाली फरशी, माणसं अकरा आणि खुर्च्या नऊ. खताचा वास डोळ्यांत शिरायचा. पहिल्या दिवशी मी भिंतीवर तुमचा तक्ता टांगला आणि सांगितलं, बारा दिवसांचं कोवळं रोप लावायचं, चुडात, म्हणजे एका जागी, एकच, आणि दोन रोपांत वीतभर अंतर.

वरचे काका लगेच म्हणाले, "एकेकच? बाई, एकुलतं एक पोर लाडावतं."

खोली हसली. वरचे काका म्हणजे पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या खाचरांच्या उतरंडीत ज्यांचं खाचर सगळ्यात वर आहे ते. माणूस तोंडाळ, पण शब्दाला जागणारा. निदान तोवर होता.

मग मी नळी काढली. फूटभर लांबीची, खालच्या अंगाला भोकं पाडलेली. अशा अकरा नळ्यांना मी स्वतः भोकं पाडली होती, तळहाताची साल जाईपर्यंत. सांगितलं, ही खाचरात रोवायची. सारखं पाणी तुंबवून ठेवायचं नाही. पाणी मुरू द्यायचं. नळीत डोकावायचं, पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की मगच पुन्हा भरायचं.

"म्हणजे जमिनीला थर्मामीटर," काका म्हणाले. "पण आजारी कोण आहे? ती का तुम्ही?"

मी हसले नाही. दोन रोपं उपटून आणली होती, ती टेबलावर ठेवली. एक सदा पाण्यात उभ्या असलेल्या शेतातलं. मुळं काळी, नासक्या अंड्याचा वास. दुसरं ओल-सुकीच्या शेतातलं. मुळं पांढरी आणि दाट, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. हातोहात फिरवली. काकांनी काळं मूळ नाकाशी नेलं आणि त्यांचं हसू थांबलं.

हे एवढ्यासाठी लिहिते की तुम्ही म्हणाल, बाई पद्धतीच्या विरोधात आहे. नाही. पद्धत चांगली आहे. मुळालाही श्वास लागतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझं भांडण पद्धतीशी नाही. ज्यांनी ती शेत न बघता कागदावर बसवली, त्यांच्याशी आहे.

आता पाण्याचं ऐका. तुमच्या तक्त्यावर एक खाचर आहे, चौकोनी, आणि त्याच्या शेजारून निळा पाट वाहतोय. खाचराला स्वतःचं दार. चित्र छान आहे. आमच्या उतरंडीला अकरा खाचरं आहेत आणि पाटाचं तोंड एकच, सगळ्यात वर. पाणी पहिल्या खाचरात शिरतं. ते भरलं की बांधाला ठेवलेल्या खांडीतून, म्हणजे मोकळ्या खाचेतून, दुसऱ्यात उतरतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. असं करत शेवटी अकराव्यात. वरच्याने खांड उघडी ठेवायची, हा कुठे न लिहिलेला नियम. बांधावरून डोकी फुटली, दोन भावांनी बारा वर्षं अबोला धरला, पण खांड कुणी कुणाची बुजवली नाही. शिव्या वर जायच्या आणि पाणी खाली यायचं.

अकरावं खाचर आत्याचं.

आईच्या माघारी मला आत्याने वाढवलं. ती मला भिंगरी म्हणते, कारण मी एका जागी ठरत नाही. आजही तसंच आहे. हे लिहिताना चारदा उठले. वर्गात यायला ती तयारच नव्हती.

"मला शिकवून काय करशील गं? मी शेपटाला. वरच्या दहा जणांचं उष्टं पाणी मी पिते. त्यांना शिकव, माझ्यापर्यंत आपसूक येईल."

पण तुमची अट होती, गट सलग हवा, मध्ये एकही खाचर सुटता कामा नये. दहाचा गट तुम्हाला चालत नव्हता, अकराच हवे होते. म्हणून मी तिच्या मागे लागले. तीन दिवस लागले. शेवटी म्हणाली, "बरं बाई, येते. पण फळ्यावर बोलावलंस तर उठून जाईन." आणि रोज यायला लागली, हातात चहाची किटली घेऊन. ॲल्युमिनियमची, झाकणाला पोचा आलेली. वर्ग संपला की त्याच किटलीतून अकरा जणांना चहा. वरच्या काकांना सगळ्यात शेवटी द्यायची. "इथे मी वर आहे," म्हणायची. "तू शेपूट." काका कान पकडायचे.

तुमच्या पुस्तकाचं सोळावं पान उघडा. 'प्रत्येक खाचराचे पाणी स्वतंत्र राखावे. बांधातील फटी व खांडी लिंपून घ्याव्यात.' ते पान वाचल्या दिवशी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. इथे खांड म्हणजे फट नाही, खांड म्हणजे खालच्याचा पाट आहे. ती लिंपली तर अकराव्याने पाणी कुठून घ्यायचं?

दुसरं पत्र वेळापत्रकाचं. तुम्ही सगळ्या गटाला एकच वेळापत्रक दिलंत, पहिल्या खाचराच्या लावणीपासून मोजलेलं. चिखलणीचं पाणी आत्याकडे सगळ्यात शेवटी पोचतं. तिची लावणी बारा दिवस मागे होती, दरवर्षी असते. म्हणजे वरची दहा खाचरं फुलोरा उरकून सुकवणीला, म्हणजे पाणी तोडायला, लागतील, तेव्हा हिचं भात नुकतं निसवत, लोंब्या बाहेर टाकत, असेल. फुलोऱ्यात भाताला पाण्याचा खंड चालत नाही, हे तुमच्याच पुस्तकाच्या विसाव्या पानावर आहे. सोळावं पान लिहिणारा आणि विसावं लिहिणारा एकमेकांशी बोलत नाहीत का?

तिसरं पत्र म्हणजे पहिल्या दोन पत्रांचं उत्तर द्या, एवढंच.

उत्तर आलं. तिन्हींचं मिळून एकच ओळ. 'आपल्या पत्रांची नोंद घेतली आहे.'

मग तुम्ही पर्यवेक्षक पाठवलात. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, बांधावरून चालताना दोन्ही हात पसरून तोल सांभाळणारा. त्याने गोदामातल्या खोलीत अकरा जणांना कार्डं वाटली. रोज सकाळी नळीतलं पाणी बघून आकडा लिहायचा. भात फुलोऱ्यात असेल त्या खाचराची नळी कोरडी दिसली तर लाल शेरा, मग वेळापत्रक काहीही म्हणो. तीन लाल शेरे झाले की पूर्ण गट अपात्र आणि प्रशिक्षक बदल.

आत्याने कधी नव्हे तो हात वर केला. "प्रशिक्षक बदल म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे या मॅडमच्या जागी दुसऱ्या मॅडम येतील."

"आणि ह्या?"

"ह्या घरी," असं म्हणून तो हसला. त्याला वाटलं, विनोद झाला. दहा माणसांनी मागे वळून शेपटाच्या खाचराच्या मालकिणीकडे पाहिलं. कुणीतरी पुटपुटलं, "अक्का, तुमच्या नळीवर लक्ष ठेवा हो. एका नळीपायी सगळे बुडायचे." आत्याने किटलीचं झाकण नीट दाबून बसवलं आणि त्या दिवशी चहा न देताच गेली.

मी हे पाहिलं होतं. पाहून विसरले.

वेळापत्रकावर सुकवणीचा दिवस जवळ आला. वरच्या काकांना गाठलं. म्हटलं, पुस्तक काही म्हणू दे. तुम्ही सगळ्यांनी तिसऱ्या दिवशी खांडी उघडायच्या, आत्याचं खाचर भरलं की पुन्हा बंद. तुमचं थोडं कमी सुकेल, त्याने काही बिघडत नाही.

"दिला शब्द," काका म्हणाले. "अक्काचं भात मेलं तर मला चहा कोण देईल?"

आणि नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही मला बोलावलंत. सहा दिवसांचा उजळणी वर्ग, शहरात, हजेरी सक्तीची. मी फोनवर विनंती केली, आठवडाभर पुढे ढकला. पलीकडून बाई म्हणाली, "सभागृह आरक्षित झालंय, मॅडम." सभागृह थांबत नव्हतं. भाताने थांबावं, अशी तुमची अपेक्षा होती.

गेले. जाताना काकांच्या नव्या सुनेला काम सांगितलं, रोज सकाळी सगळ्या नळ्यांचे फोटो पाठव. ती शहरातली, लग्न होऊन चार महिने झालेली. तांदूळ पिशवीत उगवत नाही, हे तिला इथे येऊन कळलं, असं तीच सांगायची. पण नेमाची मुलगी. रोज न चुकता अकरा फोटो पाठवायची.

तुमचं सभागृह थंडगार. खुर्च्यांना गाद्या. पडद्यावर कुठल्यातरी देशातलं हिरवंगार शेत आणि त्यावर बाण. मी मांडीवर फोन ठेवून बसलेली. पहिला दिवस, दहा नळ्या खाली जाताहेत, अकराव्या नळीत पाणी काठाला. बरं वाटलं. दुसरा दिवस, तेच. तिसरा दिवस, खांडी उघडायचा. अकराव्यात पाणी आहेच. म्हटलं, काका जागले शब्दाला. पाय मात्र टेबलाखाली हलायचे थांबेनात. शेजारचा प्रशिक्षक म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे माझं पेन उडतंय."

चौथ्या दिवसाचा फोटो. नळीत पाणी. मी फोटो मोठा केला. का केला, कुणास ठाऊक. कोपऱ्यात भाताचं एक पान आलं होतं, आणि त्या पानाची सुरळी झाली होती.

भाताचं पान भर दुपारी थोडं वळलं तर चालतं. सकाळी वळलेलं असेल तर खाली ओल नाही. हे मीच शिकवते. मग नळीत पाणी कसं?

सभागृहाबाहेर जाऊन सुनेला फोन लावला.

"पाणी आहे ना गं आत्याच्या नळीत?"

"आहे की ताई. फोटो पाठवलाय ना? अगदी वरपर्यंत."

"आणि खाचरात?"

"खाचरात सगळीकडेच भेगा आहेत. वरच्या दहांमध्ये पण आहेत. तसंच हवंय ना?"

आत्याकडे फोन नाही. मी सुनेला म्हटलं, सासऱ्यांना दे. सासरे बाजाराला गेलेले. संध्याकाळी पुन्हा लावला तेव्हा ते म्हणाले, "बाई, साहेब येऊन गेले परवा. म्हणाले, सुकवणीत खांडी उघडायच्या नाहीत, कार्डं बिघडतात. आणि अक्काची नळी भरलेली आहे ना? मग घाई कसली?"

आमचा पर्यवेक्षक आदल्या दिवशीच सभागृहात येऊन बसला होता, मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, मला आत्ता निघायचंय. पान वळलंय.

तो म्हणाला, "मॅडम, उद्या तुमचं सादरीकरण आहे. एका पानासाठी कुणी उठून जातं का?"

आणि मी राहिले. हे मी तुमच्या माथी मारत नाही. हे माझं आहे. कुणी मला बांधून ठेवलं नव्हतं. बसस्थानक चालत वीस मिनिटांवर होतं. नोकरी जाईल म्हणून राहिले, आणि स्वतःला समजावलं की नळी खोटं बोलत नाही. रात्रभर कूस बदलत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या मंचावर उभी राहून आत्याची नळी पडद्यावर दाखवली. 'उतरंडीतलं शेवटचं खाचर,' मी म्हटलं. टाळ्या वाजल्या. तुमच्यातले एक पुढे आले, चष्म्याला सोन्याची कड असलेले, म्हणाले, हा फोटो आम्हाला द्या. मी दिला. टाळ्या थांबायच्या आत पिशवी उचलली.

तीन गाड्या बदलल्या. शेवटची मिळेना म्हणून विटांच्या टेंपोत मागे बसून आले. दुपार कलली होती. घरी गेलेच नाही, सरळ बांधावरून पळत खाली. पहिलं खाचर, दुसरं, पाचवं. प्रत्येक बांधाची खांड लिंपलेली. नीट, सफाईदार, वरून हात फिरवलेला. माझीच शिकवण. मीच त्यांना दाखवलं होतं, बांधातल्या फटी लिंपताना माती दाबायची कशी.

अकराव्या बांधावर आत्या उकिडवी बसली होती. हातात किटली. किटलीचं नाक नळीच्या तोंडात, आणि आत पाणी ओतत होती. हळूहळू, सांडू न देता, आजाऱ्याला पाजतात तसं. नळीभोवती ताटाएवढी जमीन ओली. बाकी सगळ्या खाचराला पंजा जाईल एवढ्या भेगा.

मला बघून ती वळली आणि पाणी पहिल्यांदाच बाहेर सांडलं.

"आलीस?" म्हणाली. "उद्या येणार होतीस ना?"

"आत्या, हे काय करतेस?"

"तुझी नळी भरते."

"अगं पण खाचर!"

"खाचर दिसतं का त्यांना?" ती उठली. गुडघे वाजले. "ते नळीत बघतात. लाल शेरा मारतात. पहिल्या दिवशी सकाळीच बघितलं मी, कोरडी ठाक. म्हटलं, तीन झाले की हिला घरी पाठवतील. किटली होतीच हातात."

"मग काकांना सांगायचंस की, खांड उघड म्हणून!"

"गेले होते ना. तिसऱ्या दिवशी गेले. तो म्हणाला, अक्का, तुमची नळी तर भरलेली आहे, सुनेने फोटो दाखवला. आता त्याला काय सांगू? किटलीने भरली म्हणून? मग पहिल्या तीन दिवसांचं खोटं उघडं पडतं, तू जातेस, गट जातो." ती किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "म्हटलं, भात चिवट आहे. काढेल चार दिवस कळ. तू आलीस की बघशील."

आपल्याच किटलीत ती अडकली होती. एकदा ओतलं म्हणून रोज ओतायला लागलं, आणि जितकं ओतलं तितकं खाचराचं पाणी तुटलं. ती पन्नास वर्षं भात लावतेय. निसवत्या भाताला पाणी लागतं हे तिला तुमच्या विसाव्या पानाआधी ठाऊक होतं. तरी तिने नळी भरली, कारण तुम्ही तिला शिकवलंत की खाचरापेक्षा नळी मोठी.

मी फावडं घेतलं आणि वर गेले. पहिल्या बांधावर काका उभे होते, सुनेने सांगितलं असावं. मी सरळ खांडीवर फावडं घातलं.

"बाई, कार्ड—"

"खाली जाऊन बघून या आधी. मग कार्ड दाखवा."

ते गेले. दहा बांध उतरून गेले आणि चढून आले. चेहरा मातीसारखा झालेला. माझ्या हातातलं फावडं त्यांनी ओढून घेतलं आणि दुसऱ्या बांधाची खांड स्वतः फोडली. मग तिसऱ्याची. ओरडून बाकीच्यांना बोलावलं. कुणी कार्डाचं नाव काढलं नाही. पण दहा खाचरं सुकलेली. पाणी आधी त्यांच्या भेगांत शिरणार, त्यांची तहान भागली की मगच खाली. मी पाण्याच्या तोंडाशी चालत होते, त्याच्या वेगाने. पाचव्या खाचरात ते थांबल्यासारखं झालं. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. काका म्हणाले, "बाई, तुमच्या चालण्याने ते पळणार नाही." पण तेही चालतच होते.

अकराव्यात पाणी पोचलं दुसऱ्या दिवशी दुपारी. भाताचं फूल सकाळी तास-दोन तास उघडतं आणि मिटतं. ज्या सकाळी उघडायचं होतं, त्या सकाळी मी तुमच्या मंचावर होते.

पुढचं तुमच्या पर्यवेक्षकाने पाहिलंय. कापणीच्या पंधरा दिवस आधी तो आला. वरच्या दहा खाचरांत लोंब्या मान घालून उभ्या. अकराव्यात सगळ्या ताठ, पांढुरक्या. भरलेली लोंबी वाकते, पोकळ ताठ राहते. एवढं शेंबड्या पोराला कळतं. तो हात पसरत बांधावर आला आणि म्हणाला, "वा! हे तर सगळ्यात ताठ आलंय, मॅडम." फोटोही काढला.

आत्या म्हणाली, "काढा साहेब. ताठ माणसांचे फोटो चांगले येतात."

त्याला कळलं नाही. तुमची माणसं अशी असतात.

झोडणी झाली. आत्याने पाण्याच्या घमेल्यात दाणे टाकले. चारातले तीन तरंगले. वर्षाचं खाणं त्या खाचरावर चालायचं, ते तीन महिन्यांचं निघालं. वरच्या दहांना मात्र दरवर्षीपेक्षा जास्त उतारा आला. हेही लिहिते, कारण खरं आहे. तुमच्या पुस्तकात दहाचा आकडा बरोबर आहे. अकराव्याच्या जागी तुम्ही नळीचा फोटो लावलात.

मी नोकरी सोडायचं पत्र लिहून ठेवलं होतं. आत्याने ते चुलीजवळच्या फळीवरून उचललं, वाचता येत नाही तरी उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "एवढं करून मी तुला वाचवली, आणि तू आपणच जातेस? बस खाली." मग बसले.

परवा वरचे काका आले. पाठीवर भाताचं पोतं. उंबऱ्यात टेकवलं.

"अक्का, तुमच्या वाटणीचं पाणी आमच्या कणगीत जाऊन बसलंय. दहा जणांनी मिळून काढलंय. ठेवून घ्या."

आत्या चहा गाळत होती. त्याच किटलीत. मान वर न करता म्हणाली, "पोतं राहू दे. मला पोतं नको. खांड उघडी ठेव."

काकांनी डोक्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, मोडली. "यंदाही गट नोंदवलाय, अक्का," म्हणाले. "पुस्तक तेच आलंय. सोळावं पान तेच आहे. मी... मी साहेबांना विचारतो."

"आणि तोवर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाच्या बापाने आणि आजाने कधी खांड बुजवली नाही, ज्याला खालच्याला पाणी सोडायला कुणाची परवानगी लागत नव्हती, तो आता साहेबांना विचारणार आहे. हे तुमचं प्रशिक्षण. हे मीही शिकवलं. पोतं उंबऱ्यातच पडलंय. त्याने ते परत नेलं नाही आणि आत्याने आत घेतलं नाही. येता-जाता आम्ही त्याला ओलांडतो.

तर आता तुमच्याकडे माझं मागणं. मुखपृष्ठ फाडा, असं म्हणत नाही. माफीही मागू नका, तिचं आत्या काय करणार? मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. आमच्या उतरंडीत वरच्याने खांड उघडी ठेवायची की लिंपायची? लिंपायची असेल, तर अकराव्या खाचरातल्या बाईने कुठलं पाणी प्यायचं, ते त्याच पानावर लिहा. उघडी ठेवायची असेल, तर तसं छापा आणि दहा जणांना वाचून दाखवायला या. इस्त्रीचा शर्ट नको, अनवाणी या, खालपर्यंत उतरा.

'नोंद घेतली आहे' नको. कोरा कागद आला तरी चालेल, पण ती ओळ नको.

आणि लवकर. आत्याने आज सकाळी वेगळ्या पोत्यात बियाणं भिजत घातलंय. दोन दिवसांत मोड येतील. परवा ते तरव्यात, रोपांच्या वाफ्यात, पेरावं लागेल, नाहीतर पोत्यातच कुजेल. मोडांना तुमच्या कार्यालयाच्या वेळा माहीत नाहीत. ती दर तासाला पोत्यात हात घालून बघते आणि माझ्याकडे बघते.

खांड उघडी की बंद? सांगा.